झेंड्याखालची तक्रार

१७ ऑक्टोबर २००७. वानखेडेवर भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतला सातवा एकदिवसीय सामना होता. अँड्र्यू सायमंड्स दिसला की स्टँडमधून माकडाचे आवाज यायचे. काखा खाजवत माकडाचे चाळे करणारे प्रेक्षक त्या दिवशीच्या छायाचित्रांत स्वच्छ दिसतात. सहा दिवस आधी बडोद्यातही हेच झालं होतं. तेव्हा काही अधिकाऱ्यांनी सांगितलं की लोक देवाचा धावा करत होते, पाहुण्यांचा गैरसमज झाला. मुंबईत मात्र छायाचित्रं होती आणि पोलिसांनी चौघांवर कारवाई केली.

त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत तोच सिडनी कसोटीत हरभजनसिंगने सायमंड्सला माकड म्हटल्याची तक्रार झाली. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. आपल्याकडे रस्त्यावर पुतळे जळाले, दौरा सोडून परत या अशी मागणी झाली, पंच स्टीव्ह बकनर यांना पुढच्या कसोटीतून बाजूला व्हावं लागलं. गोऱ्या माणसाने गोऱ्या माणसाचा शब्द प्रमाण मानला का, असा सवाल सुनील गावसकरांनी आपल्या स्तंभात केला. प्रॉक्टर दक्षिण आफ्रिकेचे, तेही वर्णभेदाच्या काळात खेळलेले, त्यामुळे हा सवाल लोकांना पटला. पुढे न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यासमोर ॲडलेडमध्ये अपील चाललं. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या सचिन तेंडुलकरची साक्ष झाली. तो शब्द उच्चारला गेल्याचा ध्वनिमुद्रित पुरावा नव्हता. वंशभेदाचा आरोप सिद्ध झाला नाही. शिवीगाळीबद्दल सामन्याच्या मानधनातली निम्मी रक्कम दंड झाली. हरभजनच्या आधीच्या शिक्षांची पूर्ण माहिती न्यायमूर्तींपुढे आलीच नव्हती, हेही नंतर उघड झालं. ती आली असती तर शिक्षा वेगळी ठरली असती, असं खुद्द हॅन्सन म्हणाले.

ऑक्टोबरमध्ये ज्या लोकांना वानखेडेवरचे आवाज म्हणजे पोरांची मस्ती वाटली होती, त्यांनाच जानेवारीत वंशभेद हा भयंकर शब्द वाटू लागला. आपल्या माणसाला कुणी वंशभेदी म्हणणं हाच मोठा वंशभेद, असा सूर होता. ऑस्ट्रेलियातही याच्या उलट तेच चाललं होतं. त्यांच्या प्रेक्षकांनी आणि खेळाडूंनी पिढ्यानपिढ्या पाहुण्यांना काय काय ऐकवलं, ते त्या महिन्यात कुणाला आठवेना. २००३ मध्ये ब्रिस्बेनला बाद झाल्यावर श्रीलंकेच्या खेळाडूंबद्दल वर्णवाचक शिवी हासडल्याने डॅरेन लेहमनवर पाच सामन्यांची बंदी आली होती, त्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. तक्रार कोण करतो आणि कोणाविरुद्ध करतो, एवढं पाहून लोक तिचं वजन ठरवत होते. प्रत्यक्ष काय घडलं हा प्रश्न शेवटी उरला, आणि त्याला लागणारा पुरावाच नव्हता.

हे सगळं मी डहाणूत बसून लिहितो आहे, आणि ते का, हे सांगायला हवं. आमच्या पालघर जिल्ह्याची या कहाणीशी दोन-तीन ठिकाणी थेट नाळ जुळते. शिवाय डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर क्रिकेट जितकं खेळलं जातं, तितकंच माणसाला रंगावरून आणि जातीवरून ओळखलंही जातं.

आधी मुळाकडे जाऊ. देशाला स्वभाव चिकटवण्याची सवय क्रिकेटला इंग्रजांनी लावली. रणजितसिंहजी लेगला नजाकतीने चेंडू वळवायचे, तेव्हा इंग्रजी लेखकांना त्यात पूर्वेची जादू दिसायची. त्यामागचा तासन्‌तासांचा नेटमधला सराव दिसायचा नाही. वेस्ट इंडियन म्हणजे आनंदी, बेफिकीर, समुद्रकिनाऱ्यावरच्या तालात खेळणारा, पण डोक्याने कच्चा, हा समज इतका पक्का होता की काळ्या माणसाला संघाचं पूर्णवेळ नेतृत्व मिळायला १९६० उजाडलं. फ्रँक वॉरेल कर्णधार झाले आणि त्याच मालिकेत ब्रिस्बेनची पहिली बरोबरीत सुटलेली कसोटी झाली. भारतीय म्हणजे नम्र, भित्रा, उसळत्या चेंडूला पाठ दाखवणारा. पाकिस्तानी म्हणजे लबाड. ऑस्ट्रेलियन म्हणजे तोंडाळ. यांतली काही विशेषणं स्तुतीसारखी वाटतात, पण माणसाच्या मेहनतीचं श्रेय रक्ताला देऊन टाकण्याचं काम तीही करतात.

मुंबईत या सवयीला वेगळंच वळण लागलं. एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी पोरं क्रिकेट खेळायची आणि गोऱ्यांचे पोलोचे घोडे त्यांची खेळपट्टी उखडून टाकायचे. त्याविरुद्ध १८८० च्या दशकात पारशांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजींनी १८९७ च्या आपल्या पुस्तकात हा लढा नोंदवून ठेवला. रंगावरून झालेल्या अन्यायाविरुद्ध या देशातल्या खेळाडूंनी केलेली ही बहुधा सर्वांत जुनी लेखी तक्रार असावी. पुढे पारशी, हिंदू, मुसलमान आणि युरोपियन असे धर्मावर उभे राहिलेले संघ चौरंगी स्पर्धेत उतरले. १९३७ पासून पाचवा संघ आला, त्याचं नाव ‘इतर’. सांगलीचे ख्रिस्ती विजय हजारे या ‘इतर’ संघातून खेळायचे. १९४३ च्या मोसमातल्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध त्यांच्या संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. एवढ्या मोठ्या खेळीच्या माथ्यावर ‘इतर’ अशी पाटी होती.

आणि गोऱ्यांविरुद्ध एकवटलेल्या हिंदूंच्या संघात काय होतं? पळवणकर बाळू. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात मैदान राखता राखता साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकून तयार झालेला हा डावखुरा फिरकीपटू चांभार समाजातला. पुण्याच्या हिंदू संघाला तो मैदानावर हवा होता, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या बाळूला हिंदूंचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं, तेही भावांनी संघाबाहेर राहून निषेध नोंदवल्यानंतर. म्हणजे वंशभेदाची तक्रार आणि अस्पृश्यतेची तक्रार आपल्या क्रिकेटमध्ये जवळपास एकाच पिढीत उभी राहिली. पहिली देशभर अभिमानाने सांगितली गेली. दुसरी सांगायला रामचंद्र गुहांचं पुस्तक यावं लागलं, तेही २००२ साली.

पंचरंगी स्पर्धेला मुंबईत हजारोंची गर्दी लोटायची, त्याच दशकात सव्वाशे किलोमीटरवर आमच्याकडे वेठबिगारी चालू होती. जमीनदार-सावकारांत हिंदू होते, पारशी होते, इराणी आणि मुसलमानही होते. कुठल्याही धर्माचा असो, वारली आदिवासीकडे तो एकाच नजरेने पाहायचा: जंगली, आळशी, दारुडा, हाणल्याशिवाय काम न करणारा. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात किसान सभेच्या परिषदेत हजारो वारल्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार पडले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये हा सगळा काळ लिहून ठेवला आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्या गहाण पडलेल्या माणसाला ‘आळशी’ म्हणणारा साचा आणि वेस्ट इंडियनला ‘बेफिकीर’ म्हणणारा साचा, दोन्ही एकाच गरजेतून आले. मळ्यात राबवायच्या माणसाबद्दल असं काही बोललं की त्याला राबवताना मनाला टोचत नाही.

आता आंतरराष्ट्रीय मैदानाकडे वळू. वंशभेदाच्या प्रश्नावर क्रिकेटने सर्वांत ठाम भूमिका घेतली ती दक्षिण आफ्रिकेबाबत, आणि तीही नाइलाजाने. केपटाउनचा बेसिल डॉलिव्हिएरा मिश्रवर्णीय, म्हणून मायदेशाच्या संघात त्याला जागाच नव्हती. इंग्लंडला जाऊन तो त्यांच्या कसोटी संघात आला. १९६८ मध्ये त्याची निवड दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी झाली, तेव्हा तिथल्या सरकारने हा संघ चालणार नाही म्हणून कळवलं आणि दौरा रद्द झाला. १९७० नंतर एकवीस वर्षं तो देश बाहेर राहिला, आणि परतला तो नोव्हेंबर १९९१ मध्ये, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतच जन्मलेल्या टोनी ग्रेगने इंग्लंडचा कर्णधार म्हणून वेस्ट इंडिजला लोटांगण घालायला लावण्याची भाषा केली. गोऱ्या दक्षिण आफ्रिकनाच्या तोंडून ती ऐकणं काळ्या खेळाडूंना असह्य झालं. ३-० असा निकाल लागला, ओव्हलवर मायकेल होल्डिंगने एकट्याने १४ बळी घेतले. याच होल्डिंगने जुलै २०२० मध्ये साउदॅम्प्टनला पाऊस पडत असताना दूरचित्रवाणीवर वंशभेदाबद्दल बोलायला सुरुवात केली आणि नंतर आई-वडिलांची आठवण निघाल्यावर त्याला बोलणं अशक्य झालं. ते ज्यांनी पाहिलं, त्यांना हा विषय आकड्यांत मावत नाही हे पटलं असेल.

पाकिस्तानबाबतचा साचा जास्त चिवट निघाला. १९८७ ला फैसलाबादमध्ये माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा यांची बोटं एकमेकांच्या तोंडापुढे नाचली. १९९२ मध्ये वसीम-वकारचा जुना चेंडू उलटा वळायला लागला आणि इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी त्यांना फसवे ठरवलं. १९९६ ला लंडनच्या न्यायालयात इंग्लंडचे बोथम आणि लँब विरुद्ध इम्रान खान असा बदनामीचा खटला चालला, ज्युरीने इम्रानच्या बाजूने कौल दिला. २००५ मध्ये इंग्लंडच्याच गोलंदाजांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध जुना चेंडू तसाच वळवला, तेव्हा तीच गोष्ट कला झाली.

पण या पाकिस्तानी कहाणीतच मला या सगळ्या आढाव्यातली सर्वांत आशेची गोष्ट सापडते. घरचे पंच घरच्यांना साथ देतात, हा संशय सगळ्या जगात होता आणि पाकिस्तानबद्दल सर्वांत जास्त होता. इम्रान खानने त्यावर भांडत बसण्याऐवजी त्रयस्थ पंचांचा आग्रह धरला. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत उभे राहिले ते दोन भारतीय पंच: व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या ठाण्याचे पिलू रिपोर्टर. लाहोरमध्ये, पाकिस्तानच्या सामन्यात, पाकिस्तानच्या कर्णधाराला भारतीय पंचांवर विश्वास टाकावासा वाटला. १९८९ ला सचिनने ज्या मालिकेत पदार्पण केलं, तीत इंग्लंडचे पंच होते. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच बाहेरचे, हा नियम झाला. त्यानंतर ‘त्यांचे पंच’ हे रडगाणं हळूहळू बंद पडलं. कुणाचं मन बदललं म्हणून नव्हे. संशयाला जागाच राहणार नाही अशी व्यवस्था केली म्हणून.

व्यवस्था नसली की काय होतं, याचं उदाहरण २००१ चं पोर्ट एलिझाबेथ. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी एका फटक्यात सहा भारतीयांना शिक्षा सुनावल्या. चेंडूची शिवण पंचांना न सांगता साफ केली म्हणून सचिनला स्थगित बंदी, सेहवागला एका कसोटीची बंदी. त्याच सामन्यात जोरजोरात अपील करणाऱ्या दक्षिण आफ्रिकन खेळाडूंना काही नाही. डेनेस पत्रकार परिषदेत बसले, पण कारणं द्यायला त्यांना नियमाने मनाई होती. कारण कळलं नाही की लोक स्वतः कारण शोधतात, आणि रंग हे कारण समोरच होतं. डेनेस वंशभेदी होते असं मी म्हणणार नाही. पण निर्णय एकाने घ्यायचा, त्याने कारण द्यायचं नाही आणि अपीलही नाही, ही पद्धत अन्यायाची होती. पुढची सेंच्युरियनची कसोटी अधिकृत धरली गेली नाही, इथवर ते प्रकरण चिघळलं.

आता आमच्याकडचं सांगतो. भातकापणी उरकली की खाचरं मोकळी होतात, बांध सपाट केले जातात, आणि डिसेंबरपासून पाऊस येईपर्यंत डहाणू-तलासरीत टेनिस बॉलचे सामने चालू राहतात. कासा, सायवन, उधवा, कवाडा, कुठल्याही रविवारी बाहेर पडलात तर मंडप, कर्णा आणि कॉमेंट्री ऐकू येते. औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करून आलेली पोरं, आश्रमशाळेतली पोरं, बोटीवरून सुट्टीला आलेले खलाशी, सगळे एका संघात असतात. या सामन्यांइतकं आनंदाचं दुसरं काही आमच्याकडे नाही. पण कर्ण्यावरून काय ऐकू येतं तेही ऐका. काळाभोर, उंच गोलंदाज धावत आला की कॉमेंटेटर त्याला ‘वेस्ट इंडिज’ म्हणून हाक मारतो. लोक हसतात, तो पोरगाही हसतो. त्याचं नाव काय, कुठल्या पाड्याचा, यॉर्कर कसा पडतो, हे मागे राहतं. आजूबाजूच्या शहरांत हाच पोरगा कामाला जातो तेव्हा त्याला ‘काळ्या’ म्हणतात, ‘जंगलातला’ म्हणतात, आणि तो तिथेही हसतो. हसण्यावाचून त्याच्या हाती काही ठेवलेलंच नसतं.

वेस्ट इंडिजचा डॅरेन सॅमीही असाच हसला होता. सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना सहकारी त्याला ‘कालू’ म्हणायचे, त्याला वाटायचं हे कौतुकाचं नाव. अर्थ समजला तो २०२० मध्ये, आणि मग त्याने उघडपणे विचारलं की तेव्हा तुम्ही सगळे कशाला हसत होता? प्रेमाने म्हणत होतो, असं उत्तर त्याला मिळालं. प्रेम असेलही. पण ज्याला नाव ठेवलं त्याला अर्थ माहीत नसताना ते प्रेम एकतर्फीच राहिलं. २०१७ मध्ये अभिनव मुकुंदने आपल्या रंगावरून लहानपणापासून ऐकलेल्या टोमण्यांबद्दल लिहिलं, तेव्हा तर सांगणारा आपलाच कसोटीपटू होता आणि ऐकवणारेही आपलेच. त्याच्या पाठीशी उभा राहायला कुठला झेंडा नव्हता, म्हणून ती गोष्ट आठवड्याभरात मिटली. याउलट जानेवारी २०१९ मध्ये डरबनला पाकिस्तानचा कर्णधार सरफराज अहमद आंदिले फेलुक्वायोला उर्दूत रंगावरून बोलला. ते यष्टीतल्या मायक्रोफोनने टिपलं, चार सामन्यांची बंदी झाली, त्याने माफी मागितली. पुरावा होता, नियम होता, शिक्षा झाली, दोन देशांत भांडण पेटलं नाही. सिडनीच्या २००८ च्या प्रकरणाशेजारी हे ठेवून पाहावं.

आमच्या स्पर्धांमध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि ती जास्त अवघड आहे. किनाऱ्यावर आणि जंगलपट्टीत समाजवार स्पर्धा होतात. मांगेला समाजाच्या, भंडारी समाजाच्या, वाडवळांच्या, आदिवासींच्या. त्या समाजाचाच खेळाडू चालतो, काही ठिकाणी दाखला पाहतात. पंचरंगीचंच हे छोटं रूप, असं म्हणून त्यांना मोडीत काढणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आदिवासी पोराला चांगल्या मैदानावर पहिली संधी कित्येकदा याच स्पर्धेत मिळाली आहे, कारण बाजारपेठेच्या गावातल्या संघात त्याला फक्त क्षेत्ररक्षणाला उभं करायचे. स्वतःचा मांडव घालणं ही त्याची गरज होती, जशी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जिमखाना ही पारशांची गरज होती. खटकतं ते पुढचं. मांडव घातला की दुसऱ्या मांडवातल्यांबद्दल बोलणं सुरू होतं: ते फसवतात, त्यांचा स्कोअरर खोटा, ते दारू पिऊन येतात. देशादेशांतल्या सामन्यांत जे ऐकू येतं, तेच आमच्या दोन पाड्यांत ऐकू येतं.

भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी तर झाईपासून धाकटी डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर टीव्हीपुढे बसलेल्या माणसांचं दुःख बाकी देशाला ठाऊक नसतं. डहाणू-तलासरीची आदिवासी पोरं पोरबंदर, वेरावळ, ओखा इथल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. हंगामाची उचल घ्यायची, आठ-नऊ महिने समुद्रात काढायचे. अरबी समुद्रात न दिसणारी रेषा ओलांडली गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा बोट पकडते आणि खलाशी कराचीच्या मालीर तुरुंगात जातात. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. आमच्या काही घरांत या दोन तारखांची वाट सणासारखी पाहिली जाते, नाव आहे का एवढंच बघायला. २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी त्या तुरुंगात वारला आणि मृतदेह घरी यायला महिन्याहून जास्त काळ गेला. सुटून आलेले सांगतात की तिथल्या कैद्यांत आणि पहारेकऱ्यांत क्रिकेटच्या गप्पा चालायच्या. तिकडचे गरीब कोळी आपल्या तुरुंगांत असतात, त्यांच्या घरीही हेच असणार. ‘पाकिस्तानी’ हा शब्द शिवीसारखा वापरताना या माणसांचा विचार कुणी करत नाही. त्या घरातल्या माणसांना पाकिस्तान हरावा असं वाटतंच, मलाही वाटतं. पण तिथला माणूस माणूस नाही असं वाटून घेणं त्यांना परवडत नाही.

१९९१ मध्ये वानखेडेची खेळपट्टी खणली गेली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. ३१ जानेवारी १९९९ ला चेन्नईत सचिनच्या १३६ धावा होऊनही भारत १२ धावांनी हरला आणि प्रेक्षकांनी उभं राहून पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या. दोन्ही आपणच. अलीकडे मात्र पहिल्या आठवणीचं पारडं जड होत चाललं आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये दुबईत, आपल्या संघाने पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन नाकारलं. त्यामागचा राग मला समजतो. सरकारांनी घ्यायचे निर्णय अकरा खेळाडूंच्या हातांवर सोपवले जातात, हे मात्र मला पटत नाही. आणि हा राग सीमेपलीकडे थांबत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीला धर्मावरून, सप्टेंबर २०२२ मध्ये झेल सुटल्यावर अर्शदीपसिंगला शीख असण्यावरून आपल्याच लोकांनी देशद्रोही ठरवलं. विराट कोहलीने शमीच्या बाजूने स्वच्छ शब्दांत बोलून दाखवलं, याची नोंद घ्यायला हवी.

याच २०२१ च्या सुरुवातीला सिडनीला जे घडलं ते मी वेगळं काढून ठेवतो. मोहम्मद सिराज. दौऱ्यावर असताना वडील गेले, तरी तो परतला नव्हता. त्याला आणि बुमराला प्रेक्षकांतून रंगावरून शिव्या ऐकू आल्या. कर्णधार अजिंक्य रहाणे पंचांकडे गेला. चौथ्या दिवशी सिराजने पुन्हा सांगितलं, खेळ सुमारे दहा मिनिटं थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. मैदान सोडायचं असेल तर सोडा, असं पंचांनी सुचवल्यावर आम्ही खेळायला आलो आहोत, असं रहाणेने सांगितल्याचं सिराज नंतर म्हणाला. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने चौकशीनंतर मान्य केलं की वंशवाचक शिवीगाळ झाली होती. पण बाहेर काढलेले सहाजण ते करणारे नव्हते, हेही सांगितलं. यजमान मंडळाने पाहुण्यांची तक्रार खरी मानली आणि चुकीच्या माणसांना दोषीही ठरवलं नाही. आपल्या मंडळाकडून मला हेच हवं आहे.

त्याच दौऱ्यात मेलबर्नच्या शतकासाठी रहाणेला जॉनी मुलाग पदक मिळालं. ते मिळवणारा तो पहिला खेळाडू. मुलाग ऑस्ट्रेलियाचा आदिवासी. १८६८ मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला पहिला संघ आदिवासींचा होता, त्यातला तो सर्वोत्तम खेळाडू: ४७ सामन्यांचा दौरा, दीड हजारावर धावा, दोनशेवर बळी. सामना संपला की या खेळाडूंना भाले आणि बूमरँग फेकून दाखवावे लागत, लोक त्यासाठीही तिकीट काढत. क्रिकेट येणारा आदिवासी लोकांना पुरेसा नव्हता, आदिवासी दिसणाराही हवा होता. हे वाचताना आमच्या भागातले समारंभ डोळ्यांपुढे येतात. पाहुणा मंत्री असो की खेळाडू, स्वागताला तारपा नाच लागतो, भेट म्हणून वारली चित्र लागतं. तारपा आमचा अभिमान आहे, जिव्या सोमा म्हशेंनी वारली चित्र जगात नेलं त्याचाही आहे. पण त्याच पोरांतल्या एखाद्याला पाहुण्याने विचारलं आहे का की तू गोलंदाजी काय टाकतोस? मुलागच्या नावाचं पदक यायला दीडशे वर्षं गेली, आणि ते पहिल्यांदा गळ्यात पडलं ते एका मराठी माणसाच्या.

मालिकेचा शेवट ब्रिस्बेनला झाला. भारत ६ बाद १८६ असताना शार्दूल ठाकूर मैदानात आला. पालघरजवळच्या माहीमचा, पहाटेच्या गाडीत किट घेऊन मुंबई गाठणारा. वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ धावांची भागी, स्वतःच्या ६७, सामन्यात सात बळी. सिराजने दुसऱ्या डावात पाच घेतले. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया तिथे कसोटी हरला नव्हता, तो या वेळी हरला. रहाणे मुंबईला घरी आला तेव्हा लोकांनी कांगारूच्या आकाराचा केक पुढे केला. त्याने तो कापला नाही. तो त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, समोरच्याचा मान राखायचा, असं त्याने नंतर सांगितलं. तक्रार ठामपणे करणं आणि समोरच्या देशाचा अपमान टाळणं, दोन्ही एकाच माणसाने एकाच महिन्यात करून दाखवलं.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायर क्लबविरुद्ध तिथलाच खेळाडू अझीम रफिक याची वंशभेदाची तक्रार खेळीमेळीची थट्टा म्हणून दाबून ठेवली गेली होती. तिथे चेतेश्वर पुजाराचं नाव उच्चारायला अवघड म्हणून त्याला ‘स्टीव्ह’ म्हणायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रफिक संसदेच्या समितीपुढे बोलला, प्रायोजक निघून गेले, पदाधिकाऱ्यांना जावं लागलं. २०२३ मध्ये स्वतंत्र आयोगाने इंग्लिश क्रिकेटमध्ये वंशभेद, वर्गभेद आणि स्त्रियांवरचा अन्याय मुरलेला आहे असा अहवाल दिला आणि क्रिकेट मंडळाने माफी मागितली. त्यातल्या वर्गाच्या प्रकरणावर आपल्याकडे जवळपास कुणीच लिहिलं नाही. जात आणि रंग यांच्यावर असा आयोग आपल्या मंडळाने नेमावा, ही मागणी मला आजच करावीशी वाटते, कुणी मान्य करो न करो.

तोवर जे आमच्या हातात आहे ते करता येईल. डहाणू-तलासरीतल्या प्रत्येक स्पर्धेचं नियमपत्रक निघतं. षटकं किती, प्रवेश फी किती, पंचांचा निर्णय अंतिम राहील, वाद घालणारा संघ बाद. त्यात दोन कलमं वाढवावीत. एक, खेळाडूला रंग, जात, पाडा यांवरून हाक मारणाऱ्या खेळाडूला किंवा कॉमेंटेटरला त्या दिवसापुरतं बाहेर बसवावं. दुसरं, तक्रार आली तर ती त्या दोन संघांबाहेरच्या तिघांनी ऐकावी, कारण लिहून द्यावं आणि ते कर्ण्यावरून वाचून दाखवावं. काही मंडळांना मी हे सुचवलं, तर एकाने सांगितलं की पोरांना यात काही वाटत नाही, उगाच भांडणं लागतील. दुसऱ्या मंडळाने कॉमेंटेटरला प्रत्येक खेळाडूचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलेली यादी हातात द्यायचं मान्य केलं आहे. कलमांचं मात्र पुढच्या बैठकीत बघू म्हणाले.